पार उतरलेली बॅटरी उठवायची कशी, आणि नाद कधी सोडायचा

मराठवाड्यात बॅटऱ्या वापरून जितक्या मरत नाहीत, तितक्या पडून मरतात. शाळेला मेची सुट्टी लागते, जाताना कुणीतरी मेन स्विच पाडतं, इन्व्हर्टर मात्र चालूच राहतो आणि जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत बॅटरी चोखून घेतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं घर पाच-सहा महिने बंद असतं, तिथंही हेच. ट्रॅक्टरची रब्बीची कामं आटोपली की तो शेडमध्ये उभा राहतो आणि मृगाच्या तोंडावर सेल्फ मारला की नुसतं टक् होतं. मग दुकानदार म्हणतो, "बॅटरी गेली, नवीन टाका." काही वेळा ते खरं असतं. पण मोजून न बघता ठरवू नका, कारण अशा काही बॅटऱ्या दोन-तीन दिवसांच्या संथ चार्जिंगनं पुन्हा कामाला लागतात.

इथं बोलतोय ते लेड-ॲसिड बॅटरीबद्दल: झाकणं उघडून पाणी घालता येतं अशी, म्हणजे इन्व्हर्टरची ट्युब्युलर, ट्रॅक्टर-जीपची, बोटीवरची. सीलबंद आणि जेल बॅटरीचे नियम थोडे वेगळे आहेत, ते जिथं वेगळे पडतात तिथं सांगितलं आहे.

आत काय होतं

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येकात एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची आणि मधे पाण्यात मिसळलेलं गंधकाम्ल. बॅटरीतून करंट काढला की ॲसिडमधला सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागं पाणी उरतं. म्हणूनच उतरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी (आतलं ॲसिड-पाणी साध्या पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा) कमी येते; ॲसिड कुठं उडून गेलेलं नसतं, ते प्लेटांवर असतं. चार्ज केलं की सल्फेट सुटून परत पाण्यात येतो.

हा सल्फेट सुरुवातीला अगदी बारीक कणांचा असतो आणि सहज सुटतो. बॅटरी तशीच उतरलेली ठेवली तर हे कण विरघळत-जमत मोठे, टणक होत जातात. पिठीसाखर पाण्यात टाकताच विरघळते, खडीसाखरेला वेळ लागतो, तसंच हे. त्यात मोठ्या खड्यांमधून वीजही नीट वाहत नाही, त्यामुळं चार्जर लावला तरी करंट आत शिरत नाही. यालाच सल्फेशन म्हणतात.

म्हणून बॅटरी किती खोल उतरली यापेक्षा ती किती दिवस तशी पडून राहिली, हे जास्त महत्त्वाचं. रात्री पार उतरली आणि सकाळी चार्जिंगला लागली, तर इन्व्हर्टरची बॅटरी ते सोसते. तीच चार महिने उतरलेली राहिली तर तिचं बरंच आयुष्य कायमचं गेलेलं असतं. ट्रॅक्टरची बॅटरी एवढंही सोसत नाही. सेल्फला क्षणभर मोठा करंट द्यायचा म्हणून तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येनं जास्त केलेल्या असतात. ती पुन्हा पुन्हा पूर्ण उतरवली तर थोडक्याच फेऱ्यांत बसते. ट्रॅक्टरची बॅटरी घरात लाइटसाठी वापरणं म्हणजे ती मारणंच.

ऊन या सगळ्याला घाई लावतं. बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरत असते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ४५ अंश सहज होतात. जानेवारीत दोन-तीन महिने निवांत राहणारी बॅटरी उन्हाळ्यात महिन्याभरातच चार्जिंग मागते ती यामुळं.

आधी मोजा

व्होल्टेज मोजायला मल्टीमीटर आणि ग्रॅव्हिटी मोजायला काचेचा हायड्रोमीटर, ही दोन साधनं घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. दोन्ही मिळून नव्या बॅटरीच्या किमतीचा छोटासा भाग होतात.

बॅटरी सगळ्यापासून सोडवा. वायर काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. उलट केलं आणि प्लसवरचा पाना ट्रॅक्टरच्या बॉडीला लागला तर सरळ शॉर्ट होतो. हातातली अंगठी, कडं, बांगडी काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, शेजारी पाण्याची बादली आणि खायचा सोडा. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि तसंच दवाखान्यात जायचं.

आता व्होल्टेज. एक सूत्र लक्षात ठेवलं की तक्ता लागत नाही: सेलची ग्रॅव्हिटी अधिक ०.८४ म्हणजे त्या सेलचं स्थिर व्होल्टेज, गुणिले सहा म्हणजे बॅटरीचं. ट्रॅक्टरच्या भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२६५ च्या आसपास असते, म्हणजे साधारण १२.६ व्होल्ट. आपल्याकडच्या बऱ्याच ट्युब्युलर बॅटऱ्या उष्ण हवामानासाठी १.२४० वर भरलेल्या असतात, त्या पूर्ण भरल्यावरही १२.५ च दाखवतात. इंटरनेटवरचे १२.७ चे तक्ते बघून अशी बॅटरी "कमी चार्ज होते" म्हणून तिला जादा व्होल्टेज देणारे लोक आहेत. उगाच पाणी उडवतात. १२.१ च्या आसपास अर्धी, ११.७ च्या खाली रिकामी. हे आकडे बॅटरी काही तास निवांत ठेवल्यावरचे, चार्जर लावलेला असतानाचे नव्हेत.

१०.५ च्या जवळचं व्होल्टेज आलं आणि चार्ज करूनही ते तिथंच परत येत असेल तर बहुधा एक सेल शॉर्ट आहे: सहापैकी पाचच काम करताहेत. ८.४ म्हणजे दोन गेले. इथंच थांबा.

मग झाकणं काढून प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी घ्या आणि कागदावर लिहा, प्लसकडून एक ते सहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. पूर्ण भरू नका. चार्ज होताना पातळी वर येते आणि ॲसिड बाहेर सांडतं. नुकतंच घातलेलं पाणी वरच तरंगतं, त्यामुळं यावेळची ग्रॅव्हिटी खरी नसते, ती चार्जिंगनंतर बघायची.

सगळे सेल सारखेच खाली, समजा १.१०० ते १.१३०, तर आशा आहे. पाच सेल १.२०० आणि एकच १.०८०, तर तो एक सेल बॅटरीला घेऊन जाणार. हायड्रोमीटरमध्ये चढलेलं पाणी तपकिरी-काळपट दिसलं तर प्लसच्या प्लेटांचा मसाला गळतोय. ते कुठलंही चार्जिंग परत चिकटवत नाही. पेटी फुगली असेल तर चार्जर लावूच नका.

ट्युब्युलर बॅटरीवरचा तरंगणारा लाल-हिरवा दांडा चार्ज दाखवत नाही, फक्त पाण्याची पातळी दाखवतो. हिरवा दिसतोय म्हणून बॅटरी भरलेली आहे असं धरून चालणारे पुष्कळ जण आहेत.

संथ चार्जिंग

जागा मोकळी, हवेशीर हवी. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. बऱ्याच घरांत इन्व्हर्टर देव्हाऱ्याखाली किंवा जिन्याखाली ठेवलेला असतो. समई-उदबत्तीच्या शेजारी हे काम करायचं नाही, बॅटरी बाहेर ओसरीवर आणा. चिमटे लावताना-काढताना चार्जर बंद पाहिजे.

पहिली अडचण: नवे ऑटोमॅटिक चार्जर आणि कित्येक इन्व्हर्टर फार उतरलेली बॅटरी ओळखतच नाहीत. व्होल्टेज एका मर्यादेखाली असलं की चार्जिंग सुरूच होत नाही आणि माणूस समजतो बॅटरी मेली. जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर मिळाला तर प्रश्नच नाही. नसेल तर चांगली १२ व्होल्टची बॅटरी तिच्या जोडीला लावायची, प्लसला प्लस, मायनसला मायनस, आणि चार्जर त्या जोडीवर. पण दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या प्लसच्या वायरीत ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ६० वॅटचा बल्ब मधे घाला. त्यामुळं करंट पाचेक अँपिअरच्या वर जात नाही. बॅटरीत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटलेलाच राहतो आणि चांगली बॅटरी वाचते. बल्ब मंद झाला आणि उतरलेल्या बॅटरीवर १२ च्या वर व्होल्टेज आलं की चांगली बॅटरी सोडवा आणि चार्जर थेट लावा.

करंट किती? नेहमीच्या चार्जिंगला क्षमतेचा दहावा भाग चालतो. सल्फेट धरलेल्या बॅटरीला मात्र तिसावा-चाळिसावा भागच द्या: १५० एएचला (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप) ४ ते ५ अँपिअर, ८८ एएचच्या ट्रॅक्टर बॅटरीला २ ते ३. व्होल्टेजची मर्यादा १४.४.

इथं जे दिसतं त्यानं बरेच जण फसतात. चार्जर लावल्याबरोबर व्होल्टेज झटकन १४.४ ला पोचतं, अँपिअरचा काटा शून्याजवळ, आणि ऑटोमॅटिक चार्जर "फुल" चा दिवा लावतो. बॅटरी भरलेली नसते. सल्फेटच्या थरामुळं करंट आत जाऊ शकत नाही एवढाच त्याचा अर्थ. चार्जर तसाच लावून ठेवा, बंद पडला तर पुन्हा सुरू करा. काही तासांनी, कधी एका रात्रीनंतर, करंट हळूहळू वाढायला लागतो. हा वाढणारा करंट ही पहिली चांगली बातमी. पूर्ण दिवस उलटला तरी काटा हललाच नाही तर समजून जा.

करंट एकदा शिरला की हिशोब सोपा. काढलेल्या विजेपेक्षा साधारण सव्वापट परत घालावी लागते. १५० एएचची पार रिकामी बॅटरी ५ अँपिअरनं भरायला ३६ ते ४० तास धरा. शेवटच्या टप्प्यात दर तासाला व्होल्टेज आणि ग्रॅव्हिटी लिहा. लागोपाठ तीन नोंदी सारख्या आल्या की यापुढं वाढणार नाही.

ग्रॅव्हिटीचे आकडे २७ अंशांसाठीचे असतात. त्यापेक्षा गरम असेल तर प्रत्येक अंशाला ०.०००७ मिळवा: ४० अंशांना १.२२५ वाचलं तर खरी १.२३४. तसंच चार्जिंगचं व्होल्टेज गरमीत कमी करावं लागतं, १२ व्होल्टच्या बॅटरीला अंशामागं साधारण ०.०३. म्हणजे ४० अंशांना १४.४ ऐवजी १४.० पुरे. आतलं ॲसिड ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात हे काम संध्याकाळी सुरू करून रात्रभर चालवलेलं बरं. लाइट मधेच गेली तर बिघडत नाही, आली की पुढं चालू.

यानंतर सेलांच्या ग्रॅव्हिटीत फरक उरला, समजा काही १.२३५ आणि काही १.२०५, तर मुद्दाम थोडं जास्त चार्जिंग करतात, त्याला इक्वलायझेशन म्हणतात. १५० एएचला ३ अँपिअर, व्होल्टेज १५.५ पर्यंत जाऊ द्यायचं, दोन ते चार तास. पाणी खळखळतं, त्यामुळं तळाशी साचलेलं जड ॲसिड वरच्या पाण्यात मिसळतं. हे मिसळणंही तितकंच गरजेचं असतं. बॅटरी इन्व्हर्टरपासून आणि ट्रॅक्टरपासून सोडवलेलीच हवी, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स जळेल. झाकणं सैल करून वरच ठेवा म्हणजे तुषार उडत नाहीत. सीलबंद आणि जेल बॅटरीला हे अजिबात करू नका. गेलेलं पाणी परत घालायची सोयच तिथं नाही. इक्वलायझेशननंतर पाणी पूर्ण पातळीपर्यंत भरा.

खरी परीक्षा क्षमतेची

चार्ज झाल्यावर १२.५ दाखवते म्हणून बॅटरी उठली असं नाही. व्होल्टेज टाकीतल्या पातळीसारखं आहे, टाकी केवढी उरली ते त्यातून कळत नाही. १५० एएचची बॅटरी भरून, रात्रभर निवांत ठेवून, तिच्यावर ६० वॅटचा हेडलाइट बल्ब आणि २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लावा. मिळून ६.७ अँपिअरच्या आसपास जातात. मीटरच्या १० अँपिअरच्या खाचेतून एकदा मोजून घ्या. बल्ब लावलेले असतानाच व्होल्टेज १०.५ ला आलं की थांबा. किती तास चालले गुणिले अँपिअर, एवढी क्षमता. १३ तास निघाले तर ८७ एएच, म्हणजे जेमतेम ५८ टक्के. संपताच लगेच चार्जिंगला लावा, सकाळपर्यंत ठेवू नका.

अशा दोन-तीन फेऱ्यांत क्षमता थोडी थोडी वाढत जाते. वाढायची थांबली की तेवढीच तिची ताकद. ८० टक्क्यांच्या वर आली तर नवीन घ्यायची घाई नाही. ६० च्या खाली असेल तर इन्व्हर्टरला ती रात्र काढणार नाही. दुकानातल्या एखाद्या एलईडी दिव्याला चालेल. आणि काहीही न जोडता तीन-चार दिवसांत १२.५ ची १२.२ झाली तर आतून गळती आहे, सोडून द्या. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ही परीक्षा घेऊ नका. तिला सेल्फ मारताना मोजा: व्होल्टेज १० च्या खाली कोसळत नसेल तर ठीक.

बाजारात "बॅटरी टॉनिक" मिळतं, व्हिडिओत कुणी एप्सम मीठ टाकतं, कुणी कॉस्टिक सोडा. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यानं पाण्याची वाहकता वाढते, मीटर जरा बरं दाखवतो, पण प्लेटांवरचा सल्फेट तसाच राहतो आणि नको असलेलं मीठ कायमचं आत बसतं. कॉस्टिक सोडा तर ॲसिडच मारून टाकतो. ग्रॅव्हिटी कमी आहे म्हणून वरून ॲसिड घालणं ही सगळ्यात महाग चूक: ॲसिड प्लेटांवर होतंच, ते सुटलं की दोन्ही मिळून ग्रॅव्हिटी १.३०० च्या वर जाते आणि प्लेटा खाऊन टाकते. ॲसिड सांडून गेलं असेल तेव्हाच ॲसिड घालायचं.

पाणी आणि पडीक काळ

आपल्या काळ्या पत्थरातल्या बोअरचं पाणी जड. त्यातलं क्लोराइड प्लसच्या जाळीला खातं, लोह बॅटरीला आतल्या आत उतरवतं. आरओचं पाणी पिण्याला चांगलं, बॅटरीला नाही. त्यातही क्षार उरतातच. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे भारतीय मानक आहे, कॅनवर ते बघून घ्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी दिसायला स्वच्छ, पण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश येतात. उन्हाळ्यात पातळी दर महिन्याला, एरवी दोन-तीन महिन्यांनी बघा.

इन्व्हर्टरवरचा भार मोजून ठेवा. १५० एएच गुणिले १२ म्हणजे १,८०० वॅट-तास. निम्मीच वापरायची आणि इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा जातो असं धरलं तर ७२० उरतात. ७५ वॅटचे दोन पंखे आणि दोन एलईडी बल्ब मिळून १७० वॅट, म्हणजे सव्वाचार तास. रात्री आठ तास लाइट नसलेल्या गावात हेच रोज दुप्पट चाललं, वर दिवसा लाइनचं व्होल्टेज १६०-१७० च्या घरात, तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि अर्धवट अवस्थेत सल्फेट धरत राहते. तिथं मोठी बॅटरी घेण्याआधी २८-३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे घेतलेले परवडतात. चोवीस व्होल्टच्या जोडीत एक जुनी आणि एक नवी घालू नका. जुनी आधी रिकामी होते, तिच्यातला कमजोर सेल उलटा चार्ज होतो आणि चार्जिंगच्या वेळी नवी उपाशी राहते.

घर बंद करून जाणार असाल तर बॅटरी पूर्ण भरा, मग इन्व्हर्टर बंद करून मायनसची वायर सोडवून ठेवा. नुसतं बटण बंद केल्यानं भागत नाही, काही इन्व्हर्टर बंद असतानाही थोडा करंट ओढत राहतात. दोन महिन्यांनी भावकीतलं कुणी येऊन एक रात्र चार्जिंगला लावलं तर उत्तम, मार्चनंतर दर महिन्याला. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, हा समज जुन्या पेट्यांच्या काळातला; आजच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशी काही करत नाही. वरचा ओलसर मळ मात्र दोन टर्मिनलमध्ये वाट करून देतो. तो सोड्याच्या पाण्यानं पुसा, झाकणं घट्ट लावून, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. मग टर्मिनलला व्हॅसलीन लावा.

ट्रॅक्टर आठवड्याला दहा मिनिटं उभ्यानं चालू केला की बॅटरी भरते, असंही म्हणतात. भरलेली बॅटरी त्यानं टिकते, उतरलेली भरत नाही. कमी आरपीएमला आल्टरनेटर फारसं देत नाही आणि बॅटरीला तर कित्येक तास हवे असतात.

गोदावरीकाठी पुरासाठी ठेवलेल्या सेल्फस्टार्ट मोटरबोटींचं आणि तलावांवरच्या बोटींचं दुखणं हेच: वर्षातले दहा-अकरा महिने नुसतं उभं राहणं, आणि पूर आला त्या रात्री सेल्फ फिरलाच पाहिजे. बोटीत आणखी एक भानगड असते. तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची वायर मुख्य स्विचच्या आधीच घेतलेली असते, त्यामुळं स्विच बंद केला तरी पंप बॅटरी उतरवत राहतो. बोट पाण्याबाहेर ओढली की मायनस सोडवा. पाण्यातच राहणार असेल तर १० ते २० वॅटचं सोलर पॅनल चार्ज कंट्रोलरमधून (बॅटरीला जाणारं व्होल्टेज आवरणारी पेटी) लावून ठेवा. १० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात अर्ध्या अँपिअरच्या आसपास देतं आणि आपोआप उतरणं भरून काढायला तेवढं पुरतं. पंप वरचेवर चालत असेल तर ते पुरणार नाही. पंप का चालतोय ते आधी बघा. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार "फ्लडेड" (पाणी घालायची) असा निवडा. तो जेलवर राहिला तर व्होल्टेज कमी पडतं आणि रोज ऊन असूनही बॅटरी पूर्ण भरत नाही.